दही लागेपर्यंत

माझ्या सुनेला शब्द करायचं काम मिळालं होतं. हसू नका, खरंच सांगते. बायका घरी बसून पापड करतात, शिकवण्या घेतात, ही शब्द करायची. नर्सिंग शिकणाऱ्या मुलींसाठी जंतुशास्त्राचं पुस्तक मराठीत निघणार होतं, त्यातल्या इंग्रजी शब्दांना मराठी शब्द शोधून द्यायचे. अनुया आधी परळला एका प्रयोगशाळेत नोकरी करायची, रेवा झाल्यावर ती सुटली. मग आम्ही नवीन पनवेलला राहायला आलो. माझा मुलगा इंद्रजीत कामासाठी नाशिकला, शनिवारी यायचा आणि सोमवारी पहाटे पसार. म्हणजे घरात आम्ही तिघीच. मी, अनुया आणि तीन वर्षांची रेवा. आणि जंतू.

जंतू म्हटलं की अनुया डोळे वटारायची.

"आई, जंतू नाही, जिवाणू."

"का? जंतूंनी काय घोडं मारलंय?"

"जंतू म्हटलं की कुठलाही किडा येतो त्यात. हे वेगळे."

"मग वेगळेच राहू देत बाई. माझ्या ओट्यावर आणू नकोस म्हणजे झालं."

पण मला मजा यायची, खोटं कशाला बोलू. मी भाजी निवडायला बसले की ती कागदांचा गठ्ठा घेऊन समोर फतकल मारायची. एक दिवस म्हणाली, "आई, औषधं दोन तऱ्हेची असतात. काही जिवाणूंना मारूनच टाकतात. काही मारत नाहीत, नुसती वाढू देत नाहीत. पहिल्या औषधांना जिवाणुनाशक म्हटलं. दुसऱ्यांना काय म्हणू?"

"लोणच्यातलं मीठ काय करतं?"

"तेच करतं. वाढू देत नाही."

"मग थोपवणारं म्हण."

"पुस्तकात थोपवणारं चालत नाही हो."

"पुस्तकाला काय धाड भरलीय?"

शेवटी तिने 'जिवाणुरोधक' असं लिहिलं आणि वरून दोनदा गिरवलं. मला काही तो शब्द आवडला नाही. पण त्याच गठ्ठ्यात 'कल्चर' असा एक शब्द होता, त्याला पुस्तक काढणाऱ्या लोकांनी 'संवर्धन' सांगितलं होतं, आणि अनुयाने शेजारी पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहून ठेवलं होतं, 'विरजण'. ते मात्र मला फार आवडलं. म्हणाली, "आई, तुमचं विरजण म्हणजे कल्चरच आहे. जिवाणूच आहेत ते, आणि चांगले आहेत."

चांगले असणारच. ते कराडचे होते. माझ्या आईने लग्नात मला भांडीकुंडी दिली तसं एक सुती फडकं दिलं होतं, दह्यात भिजवून सावलीत वाळवलेलं. त्याचा एक धागा कोमट दुधात सोडला की दही लागायचं, आणि त्या दह्याचं विरजण पुढे. दर उन्हाळ्यात मी नवं फडकं वाळवून ठेवायची. बिऱ्हाडं बदलली, माणसं गेली, पण दही कधी विकतचं आणलं नाही आणि कोणाच्या दारात विरजण मागायला गेले नाही. गर्व म्हणा. होता.

आता ताईताचं सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. रेवा वर्षाची होती तेव्हा तिचा घसा धरला म्हणून दवाखान्यात पेनिसिलिन द्यायचं ठरलं. आधी हातावर नुसतं टोचून बघतात ना, तेवढ्यानेच पोरीचे ओठ सुजले, श्वास घरघरायला लागला. डॉक्टर हुशार, जागच्या जागी दुसरं इंजेक्शन दिलं म्हणून ती आमच्या हाती लागली. ते पेनिसिलिन आमच्या घरात त्या दिवसापासून राक्षसाच्या नावासारखं झालं. अनुया म्हणाली, आपण बरोबर नसताना हिला काही झालं, कोणी उचलून दवाखान्यात नेली आणि तेच दिलं तर? मी पनवेलच्या सोनाराकडून चांदीचा ताईत करून घेतला, पोकळ, टोपणाचा. त्यात अनुयाने चिठ्ठी घातली. 'मला पेनिसिलिन चालत नाही.' काळ्या गोफात ओवून गळ्यात बांधला. डॉक्टरांना दाखवला, बालवाडीच्या बाईंना दाखवला, शेजारीपाजारी सगळ्यांना उघडून दाखवला.

आणि हौसा. आमच्याकडे दूध घालणारी हौसा विचुंब्याची. तिचं माहेर उरणच्या बाजूला मिठागरांतलं, सासरी दोन म्हशी. माझ्याच वयाची, पण चालायची अशी की मी जिना चढून वर येईस्तोवर ही चार घरी दूध घालून परत. सकाळी तिची कडी वाजली की रेवा अंथरुणातून उठून पेला घेऊन दारात. हौसा मापाने दूध घालायची आणि वरचा फेस रेवाच्या पेल्यात वेगळा काढायची. मग दोघी उंबऱ्यावर बसायच्या. रेवाला पांढऱ्या मिश्या आल्या की हौसा पदराने पुसायची आणि म्हणायची, "बाय माजी, म्हातारी झालीस की गं." रोज तेच, आणि रोज रेवा खदखदून हसायची. मी आतून ओरडायची, "कच्चा फेस नको देऊस, पोट बिघडेल!" कोण ऐकतंय.

रेवा काटकुळी होती, हे हौसाच्या मनाला लागून राहिलं होतं. होळीच्या आधी एक दिवस ती दोन बरण्या घेऊन आली. म्हणाली, "वयनी, ही मोठी सगळ्यांची. ही ल्हान रेवाची. एकट्या चंद्रीचं दूध हाय यात. चंद्रीचं दूध दाट. दोन म्हशींचं मिसळलं की पोरीला काय लागनार हाय?" चंद्री तिची लाडकी म्हैस. मी म्हटलं, "अगं, आम्हीही त्यातलंच घेऊ मग, वेगळं कुठे तापवत बसू." तेव्हापासून आमच्या घरात चंद्रीचंच दूध यायला लागलं.

पुढे काही दिवसांनी रेवाच्या अंगावर गांध्या उठल्या. मांड्यांवर, पोटावर, लालभडक. डॉक्टरांनी औषध दिलं, विचारलं, काय खाल्लं? अंडं? शेंगदाणे? वांगं? आम्ही सगळं बंद केलं. गांध्या बसल्या. परत उठल्या. मी साबण बदलला, तेल बदललं, शेजारच्या मांजराला जिन्यातून हाकललं. कोमट दुधात हळद घालून पोरीला दोन्ही वेळा दिली, अंगातली उष्णता जावी म्हणून. हौसा हळहळली. "रगत कमी पडलं असंल," म्हणाली आणि लहान बरणी काठोकाठ भरून आणायला लागली.

आणि त्यातच माझं दही लागेना.

हे तुम्हाला किरकोळ वाटेल. मला नव्हतं. रात्री विरजण लावून ठेवायची, सकाळी झाकण काढलं की दूध तसंच. फाटलेलं नाही, नासलेलं नाही, नुसतं ओशाळल्यासारखं पडलेलं. विरजण जास्त घातलं, पातेलं बदललं, तांदळाच्या डब्यात ठेवलं, शालीत गुंडाळलं. शेजारच्या हेतलचं दही मस्त लागत होतं, तिच्याकडेही हौसाचंच दूध, पण मोठ्या बरणीतलं. हेतल म्हणाली, "काकी, देऊ का थोडं विरजण?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एवढ्या वर्षांचं माझ्या आईचं विरजण माझ्या हातात मेलं, असंच मला वाटलं. मी अनुयावर चिडले, गॅसवर चिडले, पनवेलच्या पाण्यावरसुद्धा चिडले. पाण्याचा दह्याशी काय संबंध? पण चिडायला काहीतरी लागतं माणसाला.

मग ती दुपार आली. रेवा दूध पिऊन खेळायला बसली होती. अनुया आत कागद बघत होती, मी गव्हाचा डबा उपसला होता. रेवा माझ्यापाशी आली आणि म्हणाली, "आजी, तोंड मोठं झालं." आवाज घोगरा. मी बघितलं तर ओठ टम्म सुजलेले, डोळे मिटायला आलेले, आणि छातीतून शीळ वाजल्यासारखा श्वास. मला पुढचं फार आठवत नाही. अनुया तिला उचलून अनवाणी जिना उतरली, मी गव्हाने भरलेल्या हातांनी रिक्षा थांबवली. पनवेल गावातल्या डॉक्टरांच्या टेबलावर पोर ठेवली तेव्हा ती रडतसुद्धा नव्हती. इंजेक्शन दिल्यावर रडली. ती रडली तेव्हा मला पहिल्यांदा श्वास घेता आला.

डॉक्टर आम्हाला बाजूला घेऊन म्हणाले, "हे दर वेळी वाढत चाललंय. पुढच्या वेळी रिक्षा मिळेल न मिळेल. कशाने होतंय ते शोधा. मी औषध देऊ शकतो, तुमच्या घरात काय चाललंय ते तुम्हालाच दिसणार."

घरी आलो. रेवा माझ्या मांडीवर झोपली. तिच्या गळ्यातला ताईत मी हातात धरून बसले होते. मनात म्हटलं, एवढा राक्षस बाहेर ठेवला, आता हा कुठला नवा आला? अनुया भिंतीला टेकून बसलेली, चेहरा पांढरा फटक. पोरीला खाली ठेवून मी उठले, सकाळचं न लागलेलं पातेलं मोरीत ओतायला गेले आणि ओतता ओतता बडबडले. काय बडबडले असेन? हेच, की पोरगी अशी आजारी आणि ह्या दुधात मेलं काही वाढत म्हणून नाही.

"काय म्हणालात?" अनुयाने मान वर केली.

"दही लागत नाही म्हटलं. मला बोलू तरी दे."

"नाही, काय म्हणालात? वाढत नाही म्हणालात." ती उठून मोरीपाशी आली. "कधीपासून लागत नाही?"

"होळीच्या आसपास..." मी म्हटलं, आणि हातातलं पातेलं खाली ठेवलं. गांध्याही तेव्हापासूनच्या.

पातेल्यात राहिलेलं दूध तिने हुंगलं, बोटावर घेऊन चोळलं. मग सरळ खाली गेली आणि सरकारी पिशवीचं दूध घेऊन आली. मला म्हणाली, "आई, तुमचं कराडचं फडकं काढा." दोन वाट्या घेतल्या. एकीत पिशवीचं दूध, एकीत चंद्रीचं. दोन्ही सारखंच तापवून कोमट केलेलं. दोन्हीत त्याच फडक्याचा एकेक धागा. गॅसच्या शेगडीशेजारी वाट्या झाकून ठेवल्या आणि आम्ही दोघी ओट्यापाशी स्टुलं घेऊन बसलो. मी एवढी वर्षं दही लावलं, पण वाटीसमोर बसून असा जीव मुठीत धरून कधी थांबले नव्हते.

फडक्यावरचं विरजण जागं व्हायला वेळ घेतं. तोवर रेवाला दुधाचा थेंब दिला नाही, सकाळी हौसालाही नुसतं 'पोर आजारी आहे' सांगून परत पाठवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी अनुयाने झाकणं काढली. पिशवीच्या दुधाचं दही असं लागलं होतं की चमचा उभा राहील. माझ्या आईचं विरजण मेलं नव्हतं. एरवी मी नाचले असते. दुसऱ्या वाटीत दूध. नुसतं दूध.

"ह्यात काहीतरी आहे जे जिवाणूंना वाढू देत नाही," अनुया म्हणाली. आवाज अगदी बारीक. "दूध टिकावं म्हणून घालतात तो सोडा नाही, सोड्याने पोरीचे ओठ सुजणार नाहीत. आई, म्हशीला औषध चालू असेल तर ते दुधात येतं. ह्यात पेनिसिलिन आहे. उकळूनही ते जात नाही."

मी ताईताकडे बघितलं. मग त्या वाटीकडे. रोज दोन वेळा, हळद घालून.

मला हौसाचा असा राग आला! चपला घालून मी दारातसुद्धा पोचले होते. अनुयाने माझा हात धरला. "आई, तिला काय सांगायचं ते आधी ठरवू या."

"ठरवायचं काय त्यात? दूध दूषित आहे म्हणायचं."

"दूषित नका म्हणू," ती म्हणाली. दिवसभर शब्दच चाळणारी बाई ती. "दूषित म्हटलं की तिच्या हाताला दोष आला. तिने पाणीसुद्धा कधी घातलं नाही हो. गावात हा शब्द गेला तर तिच्या दारातून कोणी दूध घेणार नाही."

रेवाला हेतलकडे ठेवून आम्ही विचुंब्याला गेलो. वाटभर ती शब्द शोधत होती. बाधित, अवशेष, अंश, काय काय. मी मनात भांडणाची तयारी करत होते.

हौसा गोठ्यात वैरण टाकत होती. आम्हा दोघींना बघून तिच्या हातातला पेंढा गळला. पहिलं काय विचारलं तिने? "पोर कशी हाय?"

माझं अर्धं भांडण तिथेच संपलं.

"बरी आहे," अनुया म्हणाली. "मावशी, चंद्रीला काही झालं होतं का?"

"व्हय गं. कासेतल्या एका सडाला सूज आली. ढोरांचा डागदर सुकापूरवरनं येतो सुई द्यायला. बरी झाली, परत सुजली, परत सुया चालू हायत."

"तो दुधाबद्दल काही बोलला?"

"बोलला ना. त्या सडाचं दूध टाक म्हनला. मी भुईवर पिळते, कुत्र्याला पन नाय देत. वयनी, चंद्रीची आन!" ती माझ्याकडे बघून म्हणाली. "बाकीच्या तीन सडांचंच घालते पोरीला."

"सुई कुठे देतो?"

"मानेत."

गोठ्याच्या कोनाड्यात रिकाम्या बाटल्या ओळीने मांडून ठेवल्या होत्या, रबरी बुचांच्या. हौसा त्यांत हळदकुंकू ठेवायची. अनुयाने एक उचलली, उजेडात धरली आणि वाचली. मला न सांगताच कळलं. गेली दोन वर्षं मी तो शब्द चांदीत घालून ठेवला होता.

"मावशी," अनुया खाली तिच्याजवळ बसली. एवढा गठ्ठाभर शब्द असलेली पोरगी, पण बोलली ते अगदी साधं. "मानेत दिलेलं औषध अंगभर फिरतं. चारी सडांत येतं. चंद्रीचं औषध दुधात उतरलंय. इतर कोणाला कळलंही नसतं. रेवाला ते औषध चालत नाही, तिचा श्वास बंद होतो. तिच्या गळ्यात ताईत आहे ना, त्यात हेच लिहिलंय."

"तो दिष्टीचा हाय ना?"

"नाही, मावशी. हेच नाव लिहिलंय त्यात. ह्या बाटलीवर आहे तेच."

हौसाने ती बाटली हातात घेतली, उलटीसुलटी केली. अक्षरांवरून अंगठा फिरवला. चंद्री तिच्या पाठीला तोंड घासत होती.

"गळ्यात एवढं लिवून बांधलंत," ती म्हणाली, "नि मला कोनी सांगलं नाय."

आवाज चढवला नाही तिने. मला कोणी बोललं की मी दोन सुनावते, अशी माझी ख्याती. पण त्या गोठ्यात मी खाली वाकून तिच्या हातातून गळलेला पेंढा गोळा करायला लागले. ज्यांना वाचता येत होतं त्या सगळ्यांना आम्ही तो ताईत उघडून दाखवला होता. जिच्या हातचं पोरगी रोज पीत होती, तिला वाचता येत नाही म्हणून दाखवायचं सुचलंच नाही. तोंडाने सांगायला काय झालं होतं?

हौसा उठली. कोपऱ्यात झाकून ठेवलेली लहान बरणी घेतली, संध्याकाळची धार काढलेली होती रेवासाठी, ती शेणखताच्या खड्ड्यात ओतली. म्हणाली, "उद्यापासनं मी नाय येत."

"मुकाट्याने यायचं," मी म्हटलं. "दुसऱ्या म्हशीचं आण."

"नाय वयनी. माज्याच हाताला भ्याली मी आता."

अनुया तिला समजावत राहिली, औषध थांबल्यावर काही दिवसांनी दुधातनं जातं, पुन्हा दूध चांगलं होतं म्हणून. हौसाने एकच विचारलं, "गेलं ते कसं कळायचं? दिसतं का?"

"दिसत नाही. पण दही लागतं. ते दुधात आहे तोवर दही लागत नाही. लागायला लागलं की समजायचं गेलं. आणि एकदा लागून भागणार नाही, लागोपाठ लागलं पाहिजे."

मी पिशवीत हात घातला. कराडचं फडकं बरोबर आणलं होतं, भांडणात पुरावा म्हणून. मधोमध टर्रकन फाडलं आणि अर्धं हौसासमोर धरलं. गावात दिवे लागले होते. तिन्हीसांजेनंतर विरजण घराबाहेर द्यायचं नाही, हे मला आईने सांगितलेलं आणि तिलाही तिच्या आईने.

"वयनी, दिवे लागलेत," ती म्हणाली.

"लागू देत."

तिने पदर पसरून घेतलं.

दुसऱ्या दिवसापासून कडी वाजली नाही. रेवा रोज सकाळी पेला घेऊन दारात जाऊन उभी राहायची. तिच्या अंगावरच्या गांध्या गेल्या, रंग परतला, पण पिशवीचं दूध तोंडाला लावेना. "हौसाआजी रुसली?" विचारायची. "नाही गं, तिच्या चंद्रीला बरं नाही," अनुया सांगायची. "मग तिला ताईत बांधा ना," रेवा म्हणायची. तिला वाटायचं, ताईत बांधला की सगळ्यांचं सगळं बरं होतं. मी आत जाऊन भांडी आपटायची. मला हौसाची इतकी आठवण येईल असं मला कोणी आधी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

पाडवा होऊन गेला. कैऱ्या आल्या. एके सकाळी कडी वाजली तशी रेवा अशी धावली की वाटेतला पाट उडाला. दारात हौसा. बरणी नाही, मापही नाही, हातात फक्त मातीचं गाडगं, वर फडकं बांधलेलं. उंबऱ्याच्या आत पाय घालेना. रेवा तिच्या लुगड्याला बिलगली तरी तिने पोरीला हात लावला नाही.

"ये की आत," मी म्हटलं.

"आधी बघा," ती म्हणाली. तिने फडकं सोडलं, गाडगं दोन्ही हातांनी वर नेलं आणि स्वतःच्या डोक्यावर उलटं केलं.

मी किंचाळले. पण एक थेंब पडला नाही. दही आपलं गाडग्याला धरून बसलं होतं.

"चंद्रीचं हाय," ती म्हणाली. गाडगं तसंच डोक्यावर. "रोज लावते वयनी. पयले नुसतं पानीच. मग तार धरायला लागलं. मग लागलं, पन मी म्हनलं एकदा लागून नाय भागायचं. आता लागोपाठ लागतंय. सुया कवाच बंद झाल्या. मी रोज खाते. म्हनलं, सांगून तरी येऊ. पोरीला द्या म्हनत नाय मी."

अनुयाने पुढे होऊन गाडगं तिच्या हातातून घेतलं. ओट्यावर ठेवलं. चमच्याने कड मोडली, पाणी बघितलं, खाल्लं. मग माझ्याकडे वळली. "आई?"

"मला नको विचारूस," मी म्हटलं. "तू तिची आई आहेस." पण खाली जाऊन एका रिक्षावाल्याला थांबवून आले, हातात पैसे देऊन, म्हटलं इंजिन बंद करू नकोस. डॉक्टरांनी दिलेलं औषध टेबलावर काढून ठेवलं.

अनुयाने बोटाच्या टोकावर दही घेतलं आणि रेवाच्या ओठाला लावलं. फक्त लावलं. रेवाने चाटून टाकलं. आम्ही थांबलो. हौसा भिंतीकडे तोंड करून उभी, पदर तोंडात कोंबलेला. खाली रिक्षा फटफटत होती. थोड्या वेळाने अनुयाने आणखी एवढंसं दिलं. परत थांबलो.

"व्हट बघ गं," हौसा भिंतीकडेच बघत म्हणाली. "व्हट बघ तिचे."

"बघतेय मावशी. चांगले आहेत."

"सास?"

"श्वासही चांगला आहे."

"आंबट आहे," रेवा म्हणाली. "साखर घाला."

मी रडले. सरळ ओट्यावर डोकं ठेवून रडले, साखरेचा डबा हातात घेऊन. अनुयाही रडत होती आणि हसत होती. रेवा वाटी घेऊन भिंतीपाशी गेली, हौसाच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली आणि वर बघून म्हणाली, "आजी, मिशी पूस." हौसा मटकन खाली बसली आणि पोरीला पोटाशी धरलं. वाटी लवंडली, दही लादीवर, लुगड्यावर. मी ओरडले नाही. खालचा रिक्षावाला बिचारा किती वेळ उभा होता कोण जाणे, शेवटी हॉर्न वाजवून निघून गेला.

जाताना हौसा दारात घुटमळली. "अनुयाबाय, पोरीच्या ताईतात हाय ना, तसलीच एक चिठी लिवून दे. तसलीच, अक्षर न् अक्षर."

"कशाला?"

"चंद्रीला बांधते. दुसरं औषध द्यायचं तर देऊ दे, दही लागेस्तोवर मी दूध घालनार नाय. पन ते नको. एकीला चालत नाय ना, मग दुसरीलाबी नाय चालत."

अनुयाने लिहिली. मी म्हशीला चांदी थोडीच घालणार? इंद्रजीतच्या कॅमेऱ्याच्या रोलची काळी डबी दिली, घट्ट झाकणाची, पाणी जाणार नाही अशी. हौसाने ती दोरीत ओवून चंद्रीच्या गळ्यात बांधली. पुढे कधीही ढोरांचा डॉक्टर गोठ्यात आला की ती आधी डबी उघडायची आणि चिठ्ठी त्याच्या हातात द्यायची. "वाच," म्हणायची. "मनात नको. मोठ्यानं वाच." आणि तो माणूस चंद्रीशेजारी उभा राहून वाचायचा, "मला पेनिसिलिन चालत नाही."